हाताच्या मापाचं पिस्तूल

हॉस्टेलच्या टीव्हीवर रात्री एखादा मारधाडीचा सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एकच विषय असतो. कुठलं पिस्तूल भारी? कोणी मॅग्नमचं नाव घेतो, कोणी पॉइंट फोर फाइव्हचं, आणि पोळी थंड होते तरी वाद मिटत नाही. या वादात एनसीसीवाले पोट्टे मात्र सहसा गप्प असतात. त्यांनी कॅम्पमध्ये .२२ रायफलच्या पाच-दहा गोळ्या मारलेल्या असतात. पहिल्या गोळीला आपले डोळे आपोआप मिटतात आणि गोळी टार्गेट सोडून भलतीकडेच जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हणजे भारी कुठलं, हा प्रश्नच मुळात चुकीचा. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याच्या हाताला सोसेल कुठलं, हा खरा प्रश्न. आणि या प्रश्नाचं उत्तर कागदावर नाही, तर लोखंडात शोधत ज्यानं उभं आयुष्य घालवलं, त्या माणसाची ही गोष्ट आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग.

हे नाव आपण मराठी माणसांनी ऐकलेलं असतं, पण माणसाचं म्हणून नव्हे तर वस्तूचं म्हणून. नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, हेही आपण वाचलेलं असतं. पण ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या एका खेडवळ कारागिराचा पोरगा होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. बाप जोनाथन बंदुका दुरुस्त करणारा. तो मोरमन पंथाचा. पंथाच्या लोकांना जागोजागहून हुसकावलं गेलं, तेव्हा बैलगाडीत आपली अवजारं घालून तो १८५२ मध्ये ऑग्डेनला आला. तीन बायका, बावीस मुलं. एवढ्या मोठ्या कुटुंबात लाड कोणाचे होणार? पोरं खेळायला जागा शोधत ती बापाच्या दुकानातच. दुकान म्हणजे काय, तर भट्टी, एक लेथ, आणि कोपऱ्यात भंगाराचा ढीग. आपल्या वर्कशॉपमध्ये सबमिशनच्या आदल्या दिवशी जॉबसाठी जसे आपण रॅकवर तुटून पडतो, तसा हा पोरगा त्या ढिगावर रोज तुटून पडायचा.

दहा-अकरा वर्षांचा असताना त्यानं पहिली बंदूक केली. ब्राउनिंग घराण्यात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. भंगारातल्या मोडक्या बंदुकीची नळी घेतली, लाकडाच्या फळीचा दस्ता तासला, दोन्ही तारेनं बांधलं. चाप-बीप काही नाही! धाकट्या भावानं, मॅटनं, भोकं पाडलेल्या डब्यात निखारे धरायचे, आणि जॉननं नेम धरला की पेटती काडी कानात, म्हणजे बत्तीच्या भोकात, टेकवायची. दोघं माळावर रानकोंबड्या मारायला गेले. बार झाला, पाखरं पडली, आणि त्याचबरोबर धक्क्यानं जॉनही उताणा पडला. दुसऱ्या दिवशी न्याहारीला बापानं ती बंदूक पाहिली. त्यानं मारलं नाही, पण अकरा वर्षांच्या पोरानं याहून बरं काम करायला हवं, एवढं मात्र सुनावलं. ते जॉनला लागलं. त्यानं ती बंदूक मोडून टाकली.

मला वाटतं, ब्राउनिंगच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ त्या उताणं पडण्यात आहे. बंदूक समोरच्याला लागते ती नंतर. आधी ती धरणाऱ्याला लागते, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

शाळा पंधराव्या वर्षीच सुटली. ड्रॉइंग काढणं त्याला कधी फारसं जमलं नाही, किंवा गरज वाटली नाही म्हणा. डोक्यात यंत्र पूर्ण फिरवून पाहायचं आणि मग पत्र्याचे नाहीतर कागदाचे आकार कापायचे. त्यावरून भाऊ एड मशीनवर नमुना करी. (आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी हे वाक्य वाचू नये ही विनंती! कारण हे असं एकालाच जमतं, आणि त्याच्या नावावर पुढे १२८ अमेरिकन पेटंटं लागली.)

१८७९ हे साल त्याच्यासाठी मोठं धावपळीचं. त्याच वर्षी लग्न झालं, त्याच वर्षी बाप गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात एकबारी रायफलचं पहिलं पेटंट मिळालं. भावांनी मिळून छोटा कारखाना काढला आणि हातानं शेकड्यांनी रायफली केल्या. त्यातली एक विंचेस्टर कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याच्या नजरेला पडली. १८८३ मध्ये कंपनीचा मोठा साहेब बेनेट थेट ऑग्डेनला आला. एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस खेड्यातल्या शेडसमोर उभा! रायफलचे हक्क ८,००० डॉलरला विकले गेले. त्यानंतर १९ वर्षं ब्राउनिंग नमुने देत गेला आणि विंचेस्टर विकत घेत गेली. कित्येक नमुने तर कंपनीनं नुसते कपाटात ठेवले, दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून. मधली दोन वर्षं, १८८७ ते १८८९, तो पंथाच्या धर्मप्रचारासाठी जॉर्जियात पायी हिंडला. त्या काळात त्यानं बंदुकीला हात लावला नाही.

परत आला, आणि गावातल्या नेमबाजीच्या एका सामन्यात त्याला एक गोष्ट दिसली. तिथे उभे होते ते सगळे टार्गेटकडे बघत होते. हा बघत होता गवताकडे. बार होताच नळीतून निघालेल्या वायूनं पुढचं गवत भुईसपाट होत होतं. एवढी ताकद फुकट जाते! हीच ताकद वापरून बंदुकीनं स्वतःच रिकामं काडतूस फेकलं आणि नवं भरलं तर? दुसऱ्याच दिवशी त्यानं दुकानातल्या जुन्या रायफलीवर प्रयोग सुरू केले. त्यातून वायूवर चालणारी मशीनगन निघाली आणि ती कोल्ट कंपनीनं १८९५ मध्ये बाजारात आणली.

इथे आपल्या भंडाऱ्याचा धागा जोडतो. जुनी काळी दारू नुसता धूर आणि काजळी करायची. तिच्या काजळीनं चालते भाग चार-दोन बारांतच अडकले असते. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएलनं नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली आणि आपोआप चालणाऱ्या शस्त्रांचा रस्ता मोकळा झाला. आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत दारू आणि स्फोटकं तयार होतात, ती याच घराण्यातली. आपल्या वर्गातल्या कित्येकांचे वडील, काका तिथे कामाला असतात. जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथल्या कामगारांचे जीव गेले, तो दिवस जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. म्हणून हा विषय आपल्यासाठी नुसता सिनेमातला नाही.

आता पिस्तुलाकडे येऊ. १८९० च्या सुमारास हातात धरायचं शस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. फिरता गोल, जड चाप. प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्यानं ओढा, नाहीतर चापावर सगळा जोर लावा. जोर लावला की हात हलतो, हात हलला की नेम गेला. युरोपात आपोआप भरणारी पिस्तुलं निघाली होती, पण ती ओबडधोबड. पुढं जड, मागं हलकी, हातात घेतली की नाक खाली पाडणारी. ब्राउनिंगनं मॅगझीन मुठीत घातलं आणि नळीच्या वर एक सरकतं झाकण बसवलं. आज आपण ज्याला स्लाइड म्हणतो ती हीच. गोळी पुढे गेली की काडतुसाचं टरफल त्या स्लाइडला मागे ढकलतं, स्प्रिंग दाबली जाते, टरफल उडतं, आणि स्प्रिंग स्लाइडला परत पुढे आणताना नवं काडतूस भरते. या पेटंटांवर तारीख आहे २० एप्रिल १८९७.

त्याच वर्षी बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन कंपनीचा माणूस, हार्ट बर्ग, सायकली बनवण्याची माहिती घ्यायला अमेरिकेत आला होता. सायकली राहिल्या बाजूला, तो ब्राउनिंगच्या पिस्तुलाचा नमुना घेऊन परत गेला! जुलैमध्ये करार झाला. त्यातून आलेलं १९०० चं मॉडेल म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमचं, सात गोळ्यांचं, .३२ बोअरचं पिस्तूल. त्यात एक गंमत आहे, मेकॅनिकलच्या पोरांनी जरूर पाहावी. स्प्रिंग नळीच्या वर बसवलेली आहे, त्यामुळे नळी खाली आली, जवळजवळ मुठीला टेकली. धक्क्याची रेषा आणि हाताची पकड यांतलं अंतर जेवढं कमी, तेवढा मोमेंट कमी, आणि तेवढं पिस्तुलाचं तोंड वर उसळणं कमी. फर्स्ट इयरचं अप्लाइड मेकॅनिक्स, दुसरं काय!

थोडा हिशोबच करू. संवेग अक्षय्यतेचा नियम लावा, आणि सोपं व्हावं म्हणून दारूच्या वायूचा वाटा सोडून द्या. .३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, सेकंदाला २८० मीटर धरा. ६२५ ग्रॅमचं पिस्तूल मागे येतं सेकंदाला दोन मीटरच्या वेगानं. .४५ ची गोळी १५ ग्रॅमची, २५० मीटर, आणि पिस्तूल ११०० ग्रॅमचं. ते मागे येतं जवळपास ३.४ मीटरनं. ऊर्जा काढली तर .४५ हाताला .३२ च्या सुमारे पाचपट झटका देतं. तेही पिस्तूल जवळपास दुप्पट वजनाचं असूनसुद्धा. तेच .४५ हलकं केलं तर? झटका आणखी वाढणार. हलकं पिस्तूल खिशाला बरं, हाताला नाही. दुकानात हातात घेऊन खूश होणारे नेमके हेच विसरतात.

तर हे पिस्तूल सगळ्यांच्या हाताला बसलं. गोऱ्या सायबाच्या, पोलिसाच्या, दुकानदाराच्या. आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकते. ज्याला शिकायला वर्षं लागत नाहीत, ते शस्त्र कोणाच्याही हाताला बसतं. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुननं जपानच्या इतो हिरोबुमींना मारलं, ते ब्राउनिंगच्या १९०० च्या मॉडेलनं. दोन महिने व्हायच्या आत नाशिक. कान्हेरे तेव्हा अठराच्या घरात, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोराएवढा. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला कर्वे आणि देशपांडे यांच्यासोबत फाशी झाली. त्यानंतर १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी चालली, तीही ब्राउनिंगच्याच १९१० च्या मॉडेलातून, आणि महायुद्ध पेटलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत बेल्जियममध्ये दहा लाख ब्राउनिंग पिस्तुलांचा सोहळा झाला होता आणि राजानं त्याला मानाचा किताब दिला होता. फ्रेंच लोक तर कुठल्याही पिस्तुलाला ब्राउनिंगच म्हणू लागले होते. ऑग्डेनच्या लेथवर वाकलेल्या माणसाला यातलं काय वाटलं असेल? तो कारागीर होता, आणि कारागिराच्या कामावर हात कोणाचा ते लिहिलेलं नसतं. मला स्वतःला हे उत्तर पुरत नाही, पण दुसरं सापडतही नाही.

मधली १९०२ ची गोष्ट सांगायची राहिली. त्यानं आपोआप भरणारी शॉटगन केली आणि पहिल्यांदाच बेनेटकडे एकरकमी पैशाऐवजी प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. बेनेट नाही म्हणाला. १९ वर्षांचा घरोबा तिथेच संपला. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेला. मोठ्या साहेबाची वाट बघत बाहेर बसला असतानाच निरोप आला की साहेब हृदयविकारानं गेले! मग बोटीत बसून तो बेल्जियमला गेला आणि एफएननं ती बंदूक घेतली. ऑटो-५ नावानं ती विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत निघत राहिली. कॅम्पस इंटरव्ह्यूत पडणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता ते प्रसिद्ध .४५. फिलिपिन्सच्या लढाईत अमेरिकन फौजेला .३८ रिव्हॉल्व्हर कमी पडलं, तेव्हा लष्करानं मोठ्या गोळीचं पिस्तूल मागितलं. एवढ्या जोराला नुसती स्प्रिंग पुरत नाही. म्हणून ब्राउनिंगनं नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवली. दोन्ही थोडं अंतर बरोबर मागे येतात, तोवर गोळी बाहेर पडलेली असते. मग नळी मागून खाली झुकते, सुटते, आणि स्लाइड एकटी मागे जाते. घोडदळाच्या मागणीवरून मुठीच्या मागे एक पट्टी बसवली, मूठ पकडल्याशिवाय गोळी सुटू नये म्हणून. सुरुवातीच्या नमुन्यांत मूठ जवळपास काटकोनात होती. ती तिरकी केली, म्हणजे हात सरळ केला की नळी आपसूक समोर रोखली जाते. मार्च १९११ च्या चाचणीत एका पिस्तुलातून ६,००० गोळ्या मारल्या. इतकं तापलं की पाण्यात बुचकळून गार करावं लागलं, पण एकदाही अडलं नाही. २९ मार्चला लष्करानं ते स्वीकारलं.

पण गंमत पुढेच आहे. पहिल्या महायुद्धात हे पिस्तूल लाखो नवशिक्यांच्या हातात गेलं आणि तक्रारी सुरू झाल्या. लहान हाताच्या शिपायाचं बोट चापापर्यंत नीट पोचत नव्हतं. घोडा मागे आला की अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी चिमटली जायची. गोळ्या खाली लागायच्या. मग १९२० च्या दशकात चाप आखूड केला, चापामागची बॉडी बोटासाठी खोलगट केली, मुठीवरचं शेपूट लांबवलं आणि मुठीच्या पाठीला फुगवटा दिला. १९२६ मध्ये त्याला ए-वन हे नाव मिळालं. ६,००० गोळ्या न अडता मारणारं यंत्रसुद्धा हाताच्या परीक्षेत पहिल्या अटेम्प्टला पास झालं नव्हतं!

आणि शिकणाऱ्यांसाठी काय? ते ब्राउनिंगनं आधीच करून ठेवलं होतं. १९१५ मध्ये कोल्टनं त्याचं .२२ चं टार्गेट पिस्तूल काढलं. त्याला पुढे वुड्समन म्हणू लागले. लांब बारीक नळी, तिरकी मूठ, वजन सुमारे ८०० ग्रॅम, आणि झटका वरच्याच हिशोबानं .४५ च्या पंधरा-सतरा पट कमी. डोळे मिटत नाहीत, मनगट उडत नाही, चूक कुठे होते ते कळतं. आजही शिकवणारे .२२ पासूनच, आणि आपल्याकडे तर १० मीटर एअर पिस्तुलापासूनच सुरुवात करून घेतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, त्या प्रकारातही .२२ च असतं. नेमबाजांच्या मुठीसुद्धा लाकडाच्या असतात. कानशीनं घासून, भर घालून, बोटाबोटाला बसवलेल्या. दुसऱ्याची मूठ आपल्याला चालत नाही, चष्म्यासारखंच.

(मेसमध्ये हे वाचून कोणी उड्या मारू नयेत म्हणून सांगतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. २१ वर्षं पूर्ण आणि रीतसर परवाना, याशिवाय पिस्तूल घरात ठेवणं म्हणजे थेट जेल. परवाना असला तरी ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही. मिळतं ते .३२ वगैरे, म्हणजे पुन्हा ब्राउनिंगचंच माप.)

महायुद्धातलं बाकीचं भराभर सांगतो. १९१७ मध्ये त्याची मशीनगन चाचणीत २०,००० गोळ्या मारून उभी राहिली. अधिकाऱ्यांना खरं वाटेना, म्हणून त्यानं दुसरी आणून ४८ मिनिटं सलग चालवून दाखवली. सरकारनं सगळ्या हक्कांसाठी ७,५०,००० डॉलर देऊ केले. रॉयल्टी घेतली असती तर कितीतरी पट मिळाले असते. पण देश युद्धात होता, घासाघीस न करता त्यानं होकार दिला. १९०२ मध्ये रॉयल्टीसाठी १९ वर्षांचा घरोबा मोडणारा माणूस तो हाच.

शेवटची काही वर्षं तो एका ९ एमएम पिस्तुलाच्या मागे होता. त्यासाठी बेल्जियमच्या वाऱ्या चालूच. २६ नोव्हेंबर १९२६ ला हेर्स्टालच्या कारखान्यात काम करता करता त्याला बरं वाटेनासं झालं. मुलगा व्हॅल तिथेच कामाला होता. त्याच्या ऑफिसातल्या कोचावर टेकला आणि तिथेच हृदय बंद पडून गेला. वय ७१. देह ऑग्डेनला नेला.

ते अर्धवट पिस्तूल एफएनच्या द्यूदोने सेव्हनं पुरं केलं आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर म्हणून बाहेर आलं. मॅगझीनमध्ये काडतुसं दोन रांगांत बसवलेली, एकूण तेरा. एवढी काडतुसं पोटात घालून मूठ जाडजूड व्हायला हवी होती, पण पकडणारे उलटंच सांगत आले आहेत. आपल्या फौजेचं आणि पोलिसांचं ९ एमएम १-ए पिस्तूल बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालं, ते याच हाय-पॉवरवरून. पुढच्या वेळी भंडारा स्टँडवर बंदोबस्ताला एखादे फौजदार साहेब दिसले, तर दुरूनच त्यांच्या कमरेकडे बघा. लपवलेलं नसतं ते, आणि मूठ तेवढी बाहेर डोकावत असते.